दोन उंबऱ्यांची साक्ष

आप्पा, गेल्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी तुम्हाला नेलं. खासबागेत कुणाच्याही घरी मयत झालं की बांबू आणायला पहिले तुम्ही धावायचात, म्हणून तुमच्या वेळी कोण धावलं ते आधी सांगते. पांडू धावला. त्याचा उजवा पाय दुखतो हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, तरी तोच गेला. बांबू जरा लांब निघाले, पण कुणी काही बोललं नाही.

मला रडू आलं नाही. वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या कांताकाकू गेल्या तेव्हा तुम्हालाही आलं नव्हतं, आणि ते मी तुमच्याशेजारी बसून बघितलं होतं. मला आपलं लिहिता येतं. आपल्या आवाजांच्या वहीत मी इतकी वर्षं दुसऱ्यांचं सांगणं उतरवून घेतलं, कुणाला आपल्या उंबऱ्यावर बसून काय ऐकू आलं ते. आता एकदा माझं स्वतःचं लिहिते. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय, आणि एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवून ठेवलेली आहे. ती सांगितल्याशिवाय तुमचा नकाशा मला घरात ठेवता यायचा नाही.

बेळगुंदीहून मी ह्या गल्लीत सून म्हणून आले ती चौऱ्याहत्तर साली. आमच्याकडं दोन शेतं पलीकडं कुणी खोकलं तर कोण खोकलं ते कळायचं. इथं सासूबाई समोर बसून बोलायच्या आणि मला त्यांचे नुसते ओठ हललेले दिसायचे. तुमची आमची भिंत एक. भिंतीपलीकडं खड्ड्यात पाय सोडून तुम्ही हातमागावर बसलेले. सुताचा धोटा इकडून तिकडं गेला की फणीचा दणका, तिकडून इकडं आला की परत दणका. असा तुमचा एकट्याचाच माग नव्हता. गल्लीत एकवीस घरं आणि त्यातल्या सोळा घरांत माग. माझ्या मांडणीतली फुलपात्रं दिवसभर एकमेकांना लागून किणकिणायची. शेवटी मी त्यांच्यामध्ये जुन्या लुगड्याच्या चिंध्या घालून ठेवल्या. सासूबाईंना वाटलं, ही हिच्या माहेरची रीत असेल.

भिंतीतून येणारा एकच आवाज मला पहिल्यापासून आवडला. दुपारची जेवणं उरकली की तुम्ही तासभर आडवे व्हायचात, तुमचा माग थांबायचा, आणि कांताकाकू धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला चरख्यावर बसायच्या. चरखा जुना. प्रत्येक फेऱ्याला एकदा कुईं करायचा. ते कुईं कुईं थांबलं की काकू मोकळ्या झाल्या असं समजायचं, भिंतीवर चमच्यानं दोनदा ठोकायचं आणि चहाचं आधण ठेवायचं, असं आमचं दोघींचं न बोलता ठरलं होतं. एकदा मी म्हटलं, "काकू, जरा तेल घाला की त्येला." काकू म्हणाल्या, "तेल घातल्यावर मी मोकळी झाल्याली तुला कसं कळंल गं?"

आपला नकाशा सुरू झाला तो पाण्याच्या नळामुळं. गल्लीच्या तोंडाला सार्वजनिक नळ एकच होता आणि पाणी कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. पाणी यायच्या आधी नळ जरा वेळ फुसफुसायचा. ते ज्याला ऐकू येईल त्याच्या घागरी पहिल्या लागायच्या, आणि बाकीच्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. तुम्ही कट्ट्यावर सगळ्यांना बसवलंत आणि म्हणालात, "नळ कुणाकुणाला ऐकू येतोय त्ये तरी बघूया. ज्येला ऐकू येतंय त्येनं ताट वाजवायचं. म्हंजे सगळ्यास्नी कळंल."

लुगड्याच्या काठाची नक्षी काढायला तुमच्याकडं बारीक चौकटींचा कागद असायचा. त्यावर तुम्ही गल्ली काढलीत. एका घराला चार चौकटी. ज्यांना नळ ऐकू येत होता त्या घरांत निळा रंग भरलात. अशी सहा घरं निघाली, आणि त्यातलं एक नळापासून सगळ्यांत लांबचं, बसव्वाचं. तिच्या परसातून जमिनीखालून पाइप गेलेला होता, हे तेव्हा कळलं. म्हातारी ताट इतकं जोरात बडवायची की झोपलेली पोरं दचकून उठायची. भांडणं मिटली. तुम्ही मात्र कागद गुंडाळून ठेवला नाहीत.

मग दर गुरुवारी दिवेलागणीच्या आधी आपण ऐकायला बसू लागलो. तुम्ही मारुतीच्या कट्ट्यावर उदबत्ती लावायचात. ती जळेपर्यंत ज्याला सवड असेल त्यानं आपापल्या उंबऱ्यावर गप्प बसायचं. ज्याचं काम चालू असेल त्यानं ते थांबवायचं नाही. उदबत्ती विझली की तुम्ही ताट वाजवणार आणि सगळ्यांनी कट्ट्यावर येऊन काय ऐकलं ते सांगायचं. मी मॅट्रिक झालेली आणि माझं अक्षर बरं, म्हणून वही माझ्याकडं. मी लिहायची, तुम्ही रंगवायचात. तुमचा माग तेवढा वेळ बंद असायचा. काकूही उंबऱ्यावर येऊन बसायच्या, म्हणून त्यांचा चरखाही बंद.

नियम तुमचे दोनच, पण दगडासारखे. निम्मी गल्ली घरात मराठी बोलणारी, निम्मी कानडी. बाहेर पाट्यांना डांबर फासायचे दिवस होते. म्हणून कोण कुठल्या भाषेत ओरडलं ते वहीत घालायचं नाही, नुसतं ओरडलं एवढंच लिहायचं. आणि दुसरा नियम म्हणजे दोन उंबऱ्यांची साक्ष. कुठलाही आवाज दोन वेगवेगळ्या घरांतल्या माणसांनी सांगितला तरच तो कागदावर चढणार. एकट्यानं ऐकलेलं ते त्याच्या डोक्यात राहणार.

केवढं सापडलं आपल्याला. आगगाडीची शिट्टी फक्त तिघांना ऐकू यायची, कॅम्पातला बिगुल वारा तिकडून असला तरच. दूधवाल्याच्या सायकलीच्या किटल्या रिकाम्या असताना जास्त वाजतात, हे पांडूनं सांगितलं आणि कट्ट्यावर त्यावर अर्धा तास वाद झाला. शेजारच्या गल्लीत कल्हईवाला आला की आपल्याकडच्या बायकांना आधी त्याच्या भात्याचा आवाज यायचा आणि मग वास, की आधी वास आणि मग आवाज, हेही लोकांनी हमरीतुमरीवर येऊन ठरवलं. एरवी नळावर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बायका गुरुवारी "व्हय, मला बी आलं ऐकायला" म्हणून एकमेकींच्या साक्षीदार व्हायच्या. त्यांना कट्ट्यावर बसलेलं बघून मला हसू यायचं. आता त्याचं मोल कळतं, पण तेव्हा हसूच यायचं.

तुमची शोभा लग्न होऊन निपाणीला गेली आणि तिनं पहिल्याच पत्रात लिहिलं, तंबाखूच्या वखारीचं दार उघडलं की इथं अख्खी गल्ली शिंकते. तुम्ही ते पत्र घेऊन माझ्याकडं आलात.

"लिव गं ह्ये बी."

"आप्पा, निपाणी आपल्या कागदात कुठाय?"

"उंबरा आमच्याच लेकीचा हाय की."

"आन् दुसरा उंबरा?"

तुम्ही मान खाजवलीत, पत्राची घडी घातलीत आणि परत गेलात. लेकीसाठीसुद्धा तुम्ही नियम वाकवला नाहीत. म्हणून तर माझ्या वाट्याला जे आलं त्याचा मला इतका राग होता.

ते पहिल्याच गुरुवारी झालं. सगळ्यांचं सांगून झालं, मी सगळं उतरवून घेतलं, आणि शेवटी म्हटलं, "माझं ऱ्हायलंय. मागाचा आवाज."

बसव्वानं विचारलं, "कसला सप्पळ?"

"ह्यो काय. आत्ता बी चाललाय की. खटाक्-खट."

सगळे कान देऊन बसले. दहा-बारा माग चालू होते हो, आप्पा. एवढा दणका की मी जवळजवळ ओरडून बोलत होते. आणि गल्लीतली माणसं कपाळाला आठ्या घालून, तो आवाज कुठं आहे ते शोधत होती. पांडू हसला. मग सगळेच हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला समजावलंत, "तो आवाज न्हाय पोरी. त्ये काम हाय."

मी म्हटलं, "कामाला आवाज नसतोय व्हय?"

"असंल तर दुसरा साक्षीदार आण."

मी नवी सून. त्या गल्लीत माझं असं काहीच नव्हतं, एक अक्षर सोडलं तर. सगळ्यांचं ऐकलेलं मी लिहायचं आणि माझं ऐकलेलं कागदावर नाही, हे मला फार लागलं. तुम्हाला ते कळलं नाही असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

दुसरा साक्षीदार मी किती शोधला. नवऱ्याला विचारलं तर त्यानं पेपरातून डोकं वर न काढता "कुठला आवाज?" म्हणून विचारलं. माझी आई आली होती, ती दोन दिवस कानात कापूस घालून वावरली, पण तुम्ही म्हणालात, पाहुणीचा उंबरा बेळगुंदीत. पोस्टमन म्हणाला, मला तर नाक्यापासून ऐकू येतंय. त्याला गल्लीत उंबराच नाही. मग पलीकडच्या खोलीत एक नर्सबाई भाड्यानं राहायला आल्या. त्या बेजार झालेल्या मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या होत्या. मी गुरुवारची वाट बघत बसले, मधे एक गुरुवार पावसानं गेला, आणि पुढच्या गुरुवारी त्या कट्ट्यावर म्हणाल्या, "आवाज? पहिले काही दिवस वाटत होतं खरं. आता काय नाही." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. जिंकल्याचा आव नव्हता तुमच्या तोंडावर, त्यामुळं जास्तच राग आला.

एकदा सकाळी तुम्ही दारात दात घासत उभे होता आणि म्हणालात, "पांडूचा पाय आज लई दुखाय लागलाय."

"तुम्हास्नी कसं कळलं? त्यो तर अजून भाईर बी आला न्हाय."

"माग सांगतोय की. दोन दणकं देतोय, मग दम खातोय."

"म्हंजे ऐकताय तुम्ही!"

"त्ये ऐकणं न्हवं गं. त्ये पांडूची इचारपूस करणं."

मी घरात निघून गेले. पहिल्या गुरुवारपासूनच तुम्ही मला नावानं हाक मारायचं सोडून "बेळगुंदी" म्हणायला लागला होतात. "बेळगुंदी, आणलीस का साक्ष?" असं दारावरून जाता जाता विचारायचं. मी म्हणायची, "आणीन, आणीन. तुम्ही कागद कोरा ठेवा."

आता ती लपवलेली गोष्ट.

लग्नाला पाच वर्षं झाली असतील. माझा धाकटा भाऊ शेतातली बटाटी घेऊन आला होता. दुपार टळलेली, सगळे माग जोरात. मी त्याला चहा ओतत होते. तो म्हणाला, "आक्का, ह्या दणक्यात तू ऱ्हातीस तरी कशी गं?"

मी म्हटलं, "कसला दणका?"

म्हटलं आणि हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. मांडणीकडं बघितलं. फुलपात्रं थरथरत होती, चिंध्या मधे होत्याच. मला ती थरथरताना दिसत होती. ऐकू काही येत नव्हतं. केव्हापासून येत नव्हतं तेही सांगता येईना. मी मुद्दाम कान दिला तेव्हा जरा आला, पातळसा, आणि भावानं गावाकडची काही गोष्ट काढली तसा पुन्हा गेला.

तुम्हाला मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पुढच्याच गुरुवारी तुम्ही विचारलंत, "बेळगुंदी, साक्ष?" आणि मी मान ताठ करून म्हटलं, "एक तरी हाय की. माझी." एकट्या साक्षीदाराची ती एक साक्ष, तीही आता खोटी. पण ती सोडली असती तर मी त्या हसणाऱ्यांतली एक झाले असते. गल्लीची झाले म्हणून खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं.

त्र्याऐंशी साली मागच्या मोकळ्या जागेत यंत्रमागाची शेड झाली. पत्र्याखाली आठ यंत्रं. पहिल्याच गुरुवारी अकरा उंबऱ्यांनी तो आवाज सांगितला. बसव्वा तर दोन्ही कानांवर हात ठेवूनच कट्ट्यावर आली. तुम्ही मुकाट्यानं काळा रंग घेतलात आणि शेडच्या चौकटी भरायला लागलात. माझं डोकं फिरलं.

"यंत्रमाग लागतोय आन् सोळा घरांतलं हातमाग लागत न्हाईत?"

"अकरा उंबऱ्यांनी सांगितलं त्येचं."

"उद्या ह्ये हातमाग ऱ्हाणार न्हाईत, आप्पा. मग कुणी ह्यो कागद बघितला तर म्हणंल, यंत्रं यायच्या आधी खासबागेत सामसूम होती. कुणी इणतच नव्हतं."

"म्हणू दे. कुणी ऐकलं न्हाय त्ये मी कसं घालू? कागद खोटा करू व्हय?"

"मी ऐकलं."

"तू एकटी."

"मग बहिऱ्यांचा नकाशा हाय ह्यो."

तुमचा ब्रश थांबला. बायका उठून गेल्या. तुम्ही काळा रंग पुरा भरलात, कागद वाळेपर्यंत तिथंच बसलात, गुंडाळी केलीत आणि घरी गेलात. मी ते बोलायला नको होतं. त्याहून वाईट म्हणजे, "मी ऐकलं" हे मी ज्या तावानं म्हटलं तो ताव उसना होता. मी तुम्हाला बहिरा म्हटलं तेव्हा मला पाच वर्षांमागचं आठवत होतं, ऐकू काही येत नव्हतं.

त्यानंतर गुरुवार बसले खरे, पण कमी कमी होत गेले. यंत्रांपुढं दुसरं काही ऐकायला येईना, हे कारण सगळ्यांना सोयीचं पडलं. मग बंदच झाले. तुम्ही आणि मी बोलायचं सोडलं नव्हतं. दुधाचं, पाण्याचं, शोभाच्या पत्रांचं सगळं बोलायचो. नकाशा सोडून. तुम्ही मला "बेळगुंदी" म्हणत राहिलात, पण त्यापुढचं "साक्ष?" काही विचारलं नाहीत. मला त्याचीच वाट असायची आणि भीतीही.

कांताकाकू गेल्या त्या सकाळी तुम्हाला काहीच काम नव्हतं. एरवी दुसऱ्याच्या घरी तुम्ही बांबू, सुतळी, मडकं ह्यांत अडकलेले असायचात. त्या दिवशी लोकांनी तुम्हाला भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि उठू देत नव्हते. आपल्याकडं गल्लीत मयत झालं की देह नेईपर्यंत सगळे माग थांबतात, तसे थांबले होते. शेडवाल्यानंही बटण बंद केलं होतं. तुम्ही बराच वेळ खड्ड्यातल्या मागाकडं बघत होता. मग मला विचारलंत, "सगळं थांबलंय व्हय गं?"

मी म्हटलं, "व्हय आप्पा, सगळं थांबलंय."

तुम्ही मान हलवलीत. एवढंच. मी दुसरं काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्या दिवशी कोण काय बोलणार?

कांड्या भरायला कुणी उरलं नाही. पांडूच्या बायकोनं थोड्या भरून दिल्या. मागावर होता तेवढा ताणा तुम्ही विणून संपवलात आणि नवा जोडला नाहीत. आमच्या मांडणीतल्या चिंध्या मी त्या दिवाळीला काढून टाकल्या. फुलपात्रं एकमेकांना चिकटून गप्प उभी राहिली. दुपारी चहा ठेवताना माझा हात दोन-तीनदा चमच्याकडं गेला.

सोमवारचं सांगायचं तर गल्लीत आता चारच हातमाग उरले आहेत, ते सगळे थांबले. शेडही थांबली. शेडवाला उघड्या डोक्यानं येऊन तुमच्या पायाशी बसला, हेही तुम्हाला कळायला हवं. तुम्हाला मारुतीच्या कट्ट्यावरून वळवलं आणि पुरुष माणसं दिसेनाशी झाली. मी उंबऱ्यावर बसले होते. रीतीप्रमाणं मग माग सुरू होतात. पहिला बसव्वाच्या सुनेचा सुरू झाला. खटाक्. खट. अगदी चौऱ्याहत्तर सालच्यासारखा मला तो कानात लागला. मी दचकले. दुसरा सुरू झाला, तिसरा झाला. मग शेड सुरू झाली आणि सगळं झाकून गेलं. पण तेवढा वेळ मला नीट ऐकू आलं होतं. उदबत्ती लावलेली नव्हती. तुम्ही कट्ट्यावर नव्हता. कुणाला सांगणार?

काल तुमच्या दिवसांचं कार्य झालं. शोभानं जाण्याआधी तुमच्या पेटीतून गुंडाळी काढून आणली. म्हणाली, "आप्पा म्हनालते, ह्यो कागद बेळगुंदीला द्यायचा. मला तर काय समजलं न्हाय ह्यातलं. त्यास्नी बरं नव्हतं तवा बी उशाला घेऊन बसायचे." ती निपाणीच्या गाडीला गेल्यावर मी तो मांडणीपुढं जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार फुलपात्रं ठेवली.

सोळा घरांत तांबडा रंग आहे, आप्पा. शेडचा काळा रंग तसाच, पण त्याच्या पुढं गल्लीभर तांबडं. प्रत्येक घरापाशी तुमच्या मुंगीएवढ्या अक्षरात दोन-दोन शब्द. पांडूच्या घरापाशी, 'दोन दणके, मग दम. उजवा पाय.' बसव्वापाशी, 'हळू, पण थांबत नाही.' जी घरं माग मोडून नोकरीला लागली त्यांचेही माग तुम्ही लिहिले आहेत, कुणाचा कसा चालायचा तो. सोळाच्या सोळा तुम्हाला पाठ होते. आणि खाली समासात पेन्सिलीनं, पुसट झालेलं: 'हातमाग. पहिला उंबरा, बेळगुंदी.' पुढं वार आणि तारीख. ती पहिल्या गुरुवारची आहे. म्हणजे सगळे हसले त्याच दिवशी तुम्ही ते घरी जाऊन लिहून ठेवलं होतं. त्याच्याखाली शाईनं: 'दुसरा उंबरा, मी. कांताला नेलं त्या सकाळी.'

सगळे माग थांबले तेव्हा त्यांचा आवाज तुमच्या कानाला कळला. पण तुम्ही माझे साक्षीदार झालात तेव्हा मीच साक्षीदार राहिले नव्हते. तुम्हाला हे ठाऊक असतं तर तुम्ही शाई वापरली असती का, मला माहीत नाही. नियमानं बघितलं तर तो तांबडा रंग एका उंबऱ्यावर उभा होता. काकू गेल्यानंतरही मी तुमच्यासमोर हे कबूल करायला तीन वर्षं होती. भिंत एक होती. मला लाज वाटते, आणि तुम्ही विश्वास ठेवलात त्याचं बरंही वाटतं, दोन्ही खरं आहे. ती ओळ मी खोडत नाही. पहिली काही वर्षं माझी साक्ष खरी होती आणि सोमवारी पुन्हा खरी झाली. मधली वर्षं तुम्हाला ह्या कागदावर सांगितली.

नकाशा गुंडाळायला घेतला तेव्हा तुमच्या घराच्या चौकटी दिसल्या. चारांपैकी तीन तांबड्या. चौथी, आमच्या भिंतीला लागून असलेली, कोरी. तिथं रंग भरलेला नाही. बाजूला लिहिलंय: 'चरखा. दुपारचा. पहिला उंबरा, मी. दुसरा उंबरा,' आणि पुढं जागा मोकळी.

दर गुरुवारी काकू उंबऱ्यावर येऊन बसायच्या, म्हणून चरखा कधी आपल्या वहीत आलाच नाही. तुम्ही दुपारी आडवे होऊन झोपायचात असं मला वाटायचं. तीन वर्षं तुम्ही भिंतीपलीकडं ती मोकळी जागा घेऊन बसला होता आणि मला एकदाही विचारलं नाहीत. दारावरून जाता जाता नुसतं "बेळगुंदी, साक्ष?" म्हटलं असतं तरी चाललं असतं. ही एक माझ्याकडं खरी होती. शेवटपर्यंत खरी होती.

मी पोराच्या दप्तरातून शाईचं पेन घेतलं आणि मोकळ्या जागेत लिहिलं: 'बेळगुंदी. रोज ऐकला. तेल न घातलेला.' मग ती चौकट रंगवायला तुमचा तांबडा रंग घरात नव्हता, म्हणून कुंकू कालवलं.